सतरा नंबरचा जॉब

गुण्या सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, गुण्या असायचा. काटकोन तपासायचं ते लोखंडी हत्यार, गवंड्याकडे असतं त्याहून लहान, पंजात मावेल एवढं. त्याच्या वजनानं त्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा खाली ओघळलेला असे. सर कुठंही गेले की गुण्या बाहेर निघायचा. प्राचार्यांचं टेबल, बसची खिडकी, चहाच्या टपरीचं बाकडं, काहीही त्यातून सुटत नसे. आमच्या बॅचमधल्या एकाच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी जेवणाआधी मांडवाच्या चारही खांबांना गुण्या लावला आणि वधूपित्याला गंभीरपणे सांगितलं, "तीन बराबर हायेत. चौथा नवरदेवाकडच्यांनी गाडला वाटते." वधूपिता बिचारा खरंच खांब हलवायला निघाला होता.

सर फिटर ट्रेडचे निदेशक, म्हणजे काम शिकवणारे, होते, वर्ध्याजवळच्या एका खासगी आयटीआयमध्ये. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, संस्थेचंही नाही. माझं तर मुळीच नाही, आणि त्याचं कारण पुढे येईलच. सर स्वतःही आम्हाला नावानं हाक मारत नसत. ज्याला त्याला त्याच्या गावाच्या नावानं बोलवायचे. "ए केळझर, कानस खाली काऊन ठेवली?" "पुलगाव, तू झोपून राह्यला का काम करून राह्यला?" मी सेलूचा, म्हणून मी 'सेलू'. दोन वर्षांत मला ती हाक इतकी अंगवळणी पडली की अजून कुणी बसस्टँडवर 'सेलू, सेलू' ओरडलं की मी वळून बघतो.

मी तिथं आलो तो नाइलाजानं. बारावी सायन्सला मार्क बरे होते, पण इंजिनिअरिंगला पुरले नाहीत. वडिलांचं सेलूला कापडाचं दुकान. ते गिऱ्हाइकांना सांगत, "पोरगा इंजिनिअरिंगलेच हाये, वर्ध्याले." आणि मी ते खोटं इमानदारीनं निभावत असे. घरून निघताना इस्त्रीचा शर्ट, संस्थेत पोचल्यावर संडासामागं जाऊन आयटीआयचा खाकी गणवेश, संध्याकाळी पुन्हा इस्त्रीचा शर्ट. नखांतलं काळं जावं म्हणून मी पिशवीत लिंबाची फोड ठेवायचो. एकदा वर्ध्याच्या बसस्टँडवर मी वडिलांबरोबर उभा असताना समोरून सर आले. ओघळलेला खिसा, हातात जेवणाचा डबा. माझ्याकडे बघून ते हसले. मी फलाटावरची गाड्यांची पाटी वाचू लागलो. सर तसेच पुढे गेले. दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं की बॅचसमोर विषय काढतील. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "काय सेलू, काल गाडी भेटली ना?"

पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला एकच काम दिलं. लोखंडाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या पकडीत, धरायचा आणि कानशीनं घासून चारही बाजू काटकोनात आणायच्या. अशा तुकड्याला तिथं 'जॉब' म्हणतात. बस, घासा. हाताला फोड आले, फुटले, परत आले. तयार झालेला जॉब सर खिडकीपाशी नेत, त्याला गुण्या टेकवत आणि एक डोळा मिटून बघत. जॉब आणि गुण्याच्या मधून उजेडाची रेघ दिसली की परत. रागावणं नाही, ओरडणं नाही. "उजेड दिसून राह्यला. जा." बारावीचं गणित येणाऱ्या माझा जॉब महिन्यात सव्वीस वेळा परत आला. दहावी काठावर पास झालेल्यांचे माझ्याआधी पास होत होते, आणि मला ते सहन होत नव्हतं.

उजेड बघून झाला की सर डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवत. हे मात्र पुस्तकात कुठं नव्हतं. मी एकदा हुशारी दाखवली. "सर, उजेड नाही दिसला म्हणजे झालं ना? अंगठा कशाला?" सर म्हणाले, "डोये फसते लेका. आंगठा नाई फसत." आणि दुसरं त्यांचं नेहमीचं वाक्य, जे ते रोज एकदा तरी म्हणत, "सावकास घास. घासलेलं परत येत नाई." जास्तीचं लोखंड काढता येतं, कमी झालेलं भरता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा आम्ही ते वाक्य त्यांच्या पाठीमागं नक्कल करून म्हणायचो.

मात्र सर नुसत्या हाताचे भक्त होते असं कुणी समजू नये. हातात कसब आहे आणि कागदावर काही नाही, म्हणून तीस वर्षं निदेशकाच्या त्याच खुर्चीत बसलेला माणूस तो. दहावीवर आलेल्या प्रत्येकाला ते बाहेरून बारावीचा फॉर्म भरायला लावत. कोणी टाळाटाळ केली तर त्याच्या घरी जाऊन भरून घेत. "कंपनीच्या दारातून कागद आत नेते. आत गेल्यावर हात पायजे. एक असून दुसरं नसंल तं अर्ध्या रस्त्यात उभा राह्यशीन, माह्यासारका." मग त्यांनी माझ्या बारावीचा उपयोग शोधून काढला. दर शनिवारी मी बॅचला गणित आणि ड्रॉइंग शिकवायचं. आणि माझा व्हाइस हलवून त्यांनी बोरगावच्या शेजारी ठेवला. "तुह्या डोक्यात हाये ते तिच्या वहीत नाई. तिच्या हातात हाये ते तुह्या नशिबात नाई. दोघं मिळून एक चांगला फिटर होते."

बोरगाव म्हणजे बोरगाव मेघेची संगीता. बावीस जणांत एकटी मुलगी. पहिल्या दिवशी पोरांनी तिला लहान कानस काढून दिली, तर तिनं ती परत ठेवून स्वतः मोठी उचलली. कानस तिच्या हातात नुसती सरकायची, आवाज सुद्धा एकसारखा यायचा. मला कसं उभं राहायचं हे तिनं शिकवलं. "पाय हलवू नको. खांद्यातून ढकल. मनगटानं काय चटनी वाटून राह्यला?" मी तिला त्रिकोणमिती शिकवली. ती चिडायची, वही बंद करायची, आणि पाचव्या मिनिटाला उघडून पुन्हा बसायची. माझा जॉब पहिल्यांदा सरांच्या गुण्याखाली पास झाला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळी तिनं वाजवली. हे मला आठवतं. विसरायचा मी बराच प्रयत्न केला आहे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बातमी आली की बुटीबोरीकडच्या एका मोठ्या कंपनीला आमच्या संस्थेतून एक अप्रेंटिस हवा आहे. एकच. प्रॅक्टिकल परीक्षेत जो पहिला येईल तो. संगीताला कुणी विचारलंही नाही, सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तिनं मला डबा खाताना सांगितलं की घरी पुलगावच्या एका स्थळाचं बोलणं सुरू आहे. तिचे काका म्हणाले होते, कंपनीचं पत्र आलं तर दोन वर्षं शीक, नाही आलं तर पाहुण्यांना हो म्हण. "पत्र आलं का मंग कोनीच काई म्हनत नाई," ती म्हणाली आणि माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली. म्हणजे मला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मला ती जागा का हवी होती? वडिलांसाठी. त्यांनी दोन वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलेलं खोटं त्या पत्रानं अर्धं खरं होणार होतं. कंपनीत अप्रेंटिस, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा, मग इंजिनिअर. सगळा हिशोब मी मनात मांडून ठेवला होता.

परीक्षेला दोन तुकड्यांचा जॉब आला. एकात खाच करायची, दुसऱ्याची जीभ त्या खाचेत घट्ट बसली पाहिजे, मधून उजेड जाता कामा नये. प्रत्येकाच्या तुकड्यावर बैठक क्रमांक ठोकलेला. माझा सतरा, संगीताचा अठरा. दुपारपर्यंत माझं उत्तम चाललं होतं. मग मी घाई केली. जीभ खाचेत बसवून खिडकीकडे धरली तर एका बाजूनं उजेडाची जाड पट्टी. आणि घासलेलं परत येत नाही.

पण आमच्यातल्या आगाऊ पोरांना एक उपाय माहीत असतो. कडेजवळ हातोडीच्या गोल डोक्यानं बारीक बारीक ठोके मारले की लोखंड किंचित बाहेर पसरतं आणि फट बुजते. वरचे खड्डे बारीक कानशीनं घासून टाकायचे. आतून जॉब बिघडलेला असतो, डोळ्याला कळत नाही. बाहेरून आलेले परीक्षक चहाला गेले होते, सर दारापाशी हजेरीचा कागद भरत होते. मी हातोडी उचलली. शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, चौफेर ठोकाठोक चालू होती, माझे ठोके त्यात मिसळून जातील असं मला वाटलं. शेजारच्या व्हाइसवरची संगीताची कानस क्षणभर थांबली. मग पुन्हा सुरू झाली. मी तिकडे बघितलं नाही.

परीक्षकांनी संगीताचा जॉब उजेडाला धरला. एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ होती. माझ्या जॉबमधून काहीच दिसलं नाही. ते म्हणाले, "वा! हा बघा, याला म्हणतात फिटिंग." त्यांनी तो सरांच्या हातात दिला. सरांनी डोळे मिटले आणि कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा मधेच थांबला, मागे आला, पुन्हा त्याच जागेवर थांबला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. परीक्षकांना म्हणाले, "साहेब, आनखी एक डाव पाहून घ्या." परीक्षकांना नागपूरची गाडी पकडायची होती. त्यांनी मार्क लिहिले आणि सही केली.

पोरं गेल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं. "आंगठा फिरवला म्या, सेलू. तुले काई सांगाचं हाये?" मी म्हणालो, "नाही सर." अगदी सहज म्हणालो, इतका मी तयार होतो. सरांनी गुण्याची धार पुसली. मग म्हणाले, "मार्कांचं पाकीट उद्या दुपारी जाते. तवपर्यंत मी इथंच बसून राहीन. तू येजो. म्या सांगतलं तं तू चोर ठरशीन. तू सांगतलं तं चुकलेला पोट्टा ठरशीन. लय फरक हाये बाप्पा."

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन केळझरच्या गणपतीला गेलो. आई खूश झाली, पोराला आपणहून देवाची आठवण झाली म्हणून. रांगेत उभं राहून मी घड्याळ बघत होतो. दोन वाजले, तीन वाजले. चार वाजता मी प्रसादाचा नारळ फोडला आणि खोबरं खाल्लं. नंतर शिपायानं सांगितलं की सरांनी त्या दिवशी डबाही उघडला नाही. चार वाजेपर्यंत शॉपचं दार उघडं ठेवून बसले होते, आणि मग पाकिटावर त्यांनी स्वतः सही केली.

पत्र मला आलं. संगीताचं लग्न उन्हाळ्यात पुलगावला झालं. मी लग्नाला गेलो नाही, अप्रेंटिसशिप सुरू झाली होती, सुटी मिळत नव्हती. मागितलीच नव्हती. पुढं डिप्लोमा झाला, नोकरी पक्की झाली, सुपरवायझर झालो, आता भरतीचं काम बघतो. वडिलांच्या दुकानात माझा टाय घातलेला फोटो आहे. इतकी वर्षं मी स्वतःला एक युक्तिवाद ऐकवत आलो, की सरांना कळलं होतं तर त्यांनी का नाही थांबवलं? त्यांचीच चूक नाही का? हा युक्तिवाद मी अनेकदा घासून गुळगुळीत केला आहे. पण त्याच्यावर अंगठा फिरवायची वेळ आली की मी हात मागे घेतो.

सर दर दसऱ्याला फोन करायचे. शॉपमधल्या हत्यारांची पूजा असते, जुनी पोरं येतात, तूही ये म्हणून. मी दर वेळी 'बघतो सर' म्हणायचो. एका वर्षी वर्धा स्टेशनवर गाठ पडली. निवृत्त झाले होते, पाठ वाकली होती, गुण्या खिशातच होता. त्यांनी माझा हात हातात घेतला, तळवा उलटा करून पाहिला. "घट्टे गेले तुहे," म्हणाले. मी म्हणालो, "आता कानस धरायचं काम नाही पडत सर." ते म्हणाले, "बरं हाये. सुखी राय." माझी गाडी यायला अजून अवकाश होता, तरी मी आलीच म्हणून पळालो.

यंदा कंपनीनं मला अप्रेंटिस निवडायला पाठवलं, आणि यादीत आमचीच संस्था होती. सर दोन महिन्यांपूर्वी गेले होते. मला ते बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं होतं, आणि मी हात जोडलेलं चित्र टाकून मोकळा झालो होतो. फिटर शॉपच्या दारात निळा ॲप्रन घातलेल्या बाईंनी माझं स्वागत केलं. "या साहेब." संगीता होती. तासिका तत्त्वावर निदेशक म्हणून लागून तिला चार वर्षं झाली होती. ॲप्रनच्या वरच्या खिशात सरांचा गुण्या होता आणि खिसा खाली ओघळला होता.

चहा पिताना तिनंच सांगितलं. लग्नानंतर तीन वर्षं ती घरातच होती. एक दिवस सर पुलगावला तिच्या सासरी आले. सासरे दारात उभे राहूनच बोलत होते, आत या म्हणेनात. सरांनी बोलता बोलता चौकटीला गुण्या लावला. "तुमचं दार घासते का हो?" ते दार खरंच कधीपासून घासत होतं, खांद्यानं ढकलल्याशिवाय लागत नव्हतं. सर दुसऱ्या रविवारी रंधा घेऊन आले. दार नीट करता करता सासऱ्यांशी गप्पा झाल्या, तिसऱ्या रविवारी जेवण झालं, आणि त्या वर्षी संगीतानं निदेशकाच्या कोर्सचा फॉर्म भरला. "म्या त्याईले इचारलं, सर, माह्यासाठी येवढं काऊन करता? तं म्हने, चूक माही बी हाये, बोरगाव. म्या सही केलती."

मी कप खाली ठेवला. तिनं विषय बदलला आणि नव्या पोरांना बोलावलं. "साहेब आले हायेत, तं त्याईच्यासमोर एक धडा घेऊन टाकू," म्हणाली. टेबलाचा खण उघडून तिनं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला जॉब काढला. दोन तुकडे, एकात एक बसवलेले. तिनं तो खिडकीकडे धरला. "उजेड दिसते?" "नाई मॅडम!" "मंग पास का नापास?" "पास!" "आता डोये मिटा अन आंगठा फिरवा." जॉब हातोहात फिरू लागला. एकेका पोराचा अंगठा एकाच जागी थांबत होता. सगळ्यात शेवटी तिनं तो माझ्या हातात ठेवला. "साहेब, तुम्ही सांगा पोरायले. काय चुकलं याच्यात?"

खाली सतरा आकडा होता. सरांनी तो इतकी वर्षं तेल लावून ठेवला होता, कुठं गंजाचा ठिपका नव्हता. मी म्हणालो, "कड ठोकून फुगवली आहे. घासताना कमी झाली असणार." मागून एका मुलीनं विचारलं, "कोनाचा हाये जी हा जॉब?"

संगीता माझ्याकडे बघत नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती. मला बोलायला पुष्कळ वेळ मिळाला. बावीस पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "असेल कुणा जुन्या पोराचा." पोरं हसली. संगीतानं जॉब माझ्या हातातून घेतला, फडक्यानं पुसला, पुन्हा गुंडाळला आणि खणात ठेवला.

निवडीची यादी करून मी निघालो तेव्हा ती गाडीपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "सरायनं सांगून ठेवलं होतं. तो येईन कधी ना कधी. त्याच्या हातात जॉब देजो. माहा हाये म्हनला तं घेऊन जाऊ देजो त्याले. अन नाई म्हनला तं राहू दे, पोरायच्या कामी येते." मग तिनं दार लावून घेतलं माझ्या गाडीचं, एका झटक्यात, नीट.

हे लिहून काढलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. सांगायचं होतं त्या टेबलापाशी, तिच्यासमोर. जॉब अजून त्या खणातच आहे. नवी बॅच आली की पोरं त्याच्यावर अंगठा फिरवतात.